अमेरिकन चित्रकथांचे वितरण आणि लहान प्रकाशक (१९७३–२०२५)

ग्रंथव्यवहाराचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष लेखक, मुद्रक व प्रकाशक यांच्याकडे सहज जाते. छापलेली प्रत वाचकाच्या हाती पोहोचविणाऱ्या वितरकाकडे ते क्वचितच वळते. वितरकाचे कार्य गोदामात आणि हिशेबाच्या वह्यांत चालते आणि त्याच्या नावाने कोणताही ग्रंथ ओळखला जात नाही. त्यामुळे हे दुर्लक्ष स्वाभाविकच म्हटले पाहिजे. तथापि वाङ्मयाचे काही प्रकार असे आहेत की, त्यांचे स्वरूप, त्यांचा वाचक, इतकेच नव्हे तर त्यांची पृष्ठसंख्याही वितरणाच्या अटींनीच ठरविली. अमेरिकेतील नियतकालिक चित्रकथा, ज्यांना मराठी वाचकही आता ‘कॉमिक्स’ याच नावाने ओळखतो, हा अशा प्रकारांपैकी एक होय. २००९ च्या सुमारास ही चित्रकथा कागदावरून भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आली, तेव्हा गावोगावच्या कॉमिक्सच्या दुकानांचे आता काय होणार, असा घोष तेथे सुरू झाला. पडदा आणि दुकान हे एकमेकांचे वैरी आहेत, हे त्या वादात जवळजवळ गृहीतच धरले गेले होते. लहान प्रकाशकांचा अनुभव मात्र या गृहीताला दुजोरा देत नाही. त्यांच्या दृष्टीने खरा प्रश्न पडद्यापूर्वीही होता आणि पुढेही राहिला: न विकल्या गेलेल्या प्रतीचा भार कोणी सोसावयाचा, आणि वाचकाकडे जाणारी वाट कोणाच्या ताब्यात असावयाची?

१९७० पावेतो अमेरिकेत कॉमिक्स ही वर्तमानपत्रांच्या टपऱ्यांवर, औषधांच्या दुकानांत व किराणा दुकानांत विकली जात. व्यवहार परतीच्या अटीवर चाले. दुकानदाराने न खपलेले अंक परत करावयाचे आणि त्यांची पूर्ण रक्कम वळती करून घ्यावयाची, असा हा प्रघात होता. पुढे वाहतुकीचा खर्च वाचविण्यासाठी संपूर्ण अंकाऐवजी केवळ मुखपृष्ठ किंवा त्याची फाडलेली पट्टी परत पाठविण्यात येऊ लागली. आणखी पुढे तर ‘प्रती नष्ट केल्या’ एवढे लेखी निवेदनही पुरेसे मानले जाऊ लागले. नष्ट झाल्याचे सांगितलेल्या प्रती मागील दाराने विकल्या जात, ही त्या धंद्यातील उघड गोष्ट होती. छापलेल्या प्रतींपैकी निम्म्याहून अधिक प्रती वाया जाणे यात कोणालाच नवल वाटत नसे. अशा व्यवस्थेत टिकून राहण्यासाठी लाखांच्या संख्येने छपाई करण्याचे आणि महिनोन् महिने पैसे अडकवून ठेवण्याचे बळ लागे. दोन-तीन हजार प्रती काढणाऱ्या प्रकाशकाला तेथे जागाच नव्हती. साठोत्तर काळातील बंडखोर चित्रकारांनी आपल्या पुस्तिका वेगळ्याच प्रकारच्या दुकानांतून विकून एक आडवाट काढली होती. परंतु १९७३ साली अश्लीलतेसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयानंतर ती वाटही अरुंद झाली.

त्याच सुमारास ब्रुकलिनमधील फिल स्यूलिंग या शाळाशिक्षकाने कॉमिक्सच्या मोठ्या प्रकाशकांपुढे एक प्रस्ताव ठेवला. स्यूलिंग हा रसिकांची संमेलने भरवीत असे आणि जुन्या अंकांची खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदारांशी त्याचा निकटचा परिचय होता. अंक टपऱ्यांच्या साखळीतून न आणता थेट प्रकाशकाकडून घ्यावयाचे, सूट अधिक घ्यावयाची, आणि त्याच्या मोबदल्यात एकही प्रत परत करावयाची नाही, असा तो प्रस्ताव होता. प्रकाशकांनी तो मान्य केला. ‘सी गेट’ या नावाने स्यूलिंगने चालविलेल्या व्यवसायातून जी पद्धती उभी राहिली तिला तेथे ‘थेट बाजार’ म्हणतात. हे नाव काहीसे फसवे आहे, कारण वाचक आणि प्रकाशक यांच्यामध्ये वितरक व दुकानदार हे दोघेही होतेच. थेट झाला तो केवळ धोका: पूर्वी प्रकाशकाच्या डोक्यावर असलेला न खपलेल्या मालाचा भार तेथून उतरून सरळ दुकानदाराच्या डोक्यावर येऊन बसला.

लहान प्रकाशकाचा जन्म या एका बदलातून झाला, असे म्हणण्यास हरकत नाही. मागणी आधी नोंदविली जाणार, प्रती नंतर छापल्या जाणार, आणि छापलेल्या प्रती परत येणार नाहीत, हे एकदा निश्चित झाल्यावर थोड्या भांडवलाच्या माणसालाही धंदा करणे शक्य झाले. कॅनडातील किचनर येथून डेव्ह सिम याने १९७७ च्या अखेरीस ‘सेरेबस’ ही मालिका स्वतः प्रकाशित करण्यास आरंभ केला आणि २००४ मध्ये ३०० अंक पुरे करूनच ती थांबविली. १९७८ साली वेंडी व रिचर्ड पिनी या दांपत्याची ‘एल्फक्वेस्ट’ सुरू झाली. १९८२ मध्ये ‘फँटाग्राफिक्स’ने हर्नांडेझ बंधूंची ‘लव्ह अँड रॉकेट्स’ हाती घेतली. १९८४ च्या मे महिन्यात केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड यांनी उसनवारीच्या पैशावर ‘टीनेज म्यूटंट निंजा टर्टल्स’च्या सुमारे तीन हजार प्रती काढल्या, पुढे त्या कासवांनी जगभर जी संपत्ती मिळविली ती सर्वश्रुत आहे. त्या यशाच्या मोहाने कृष्णधवल चित्रकथांचा जो पूर आला, तो १९८७ च्या सुमारास ओसरला. पहिल्या अंकांचे गठ्ठे भाव वाढेल या आशेने मागविलेल्या कित्येक दुकानदारांच्या माथी ते तसेच राहिले, कारण परतीची सोय नव्हती. तेव्हापासून अपरिचित प्रकाशकाचे नाव यादीत दिसले की, दुकानदाराचा हात आखडू लागला. दुकानदाराची ही सावधगिरी अरसिकपणाची नव्हती. मोठ्या प्रकाशकाच्या अंकाच्या दहा प्रती पडून राहिल्या तर नुकसान होई, पण त्या पुढेमागे विकल्या जाण्याचा संभव असे. अज्ञात नावाच्या तीन प्रती पडून राहिल्या तर त्या कायमच्याच पडून राहत. ज्या अटीने लहान प्रकाशकाला जन्म दिला तीच अट त्याची वाढ खुंटविणारी ठरली, ही या इतिहासातील मूळ अडचण होय.

वाचकाला थेट माल विकावा की दुकानाचा मान राखावा, हा पेच डिजिटल युगाने निर्माण केला अशी जी समजूत आहे ती १९८६ ते १९८८ या काळातील एका प्रकरणाने खोटी ठरते. सिमने ‘सेरेबस’च्या पंचवीस अंकांचा ‘हाय सोसायटी’ हा जाडजूड संग्रह १९८६ साली काढला आणि तो टपालाने थेट वाचकांना विकला. मधल्या दोन्ही सुटी वाचल्याने त्याला भरघोस प्राप्ती झाली. परंतु ज्या दुकानांनी नऊ वर्षे हा लेखक वाढविला त्यांना संग्रहाच्या विक्रीतून वगळले गेले, अशी वितरक व दुकानदार यांची भावना झाली. ‘डायमंड’ या वितरक संस्थेने सिमच्या आश्रयाने निघणारी ‘प्यूमा ब्लूज’ ही दुसऱ्याच लेखक-चित्रकारांची मालिका स्वीकारण्यास नकार दिला. अपराध एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, असा हा न्याय होता. या प्रकरणाने चित्रकथाकारांत जी खळबळ उडाली तिच्यातूनच १९८८ च्या नोव्हेंबरात मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्प्टन येथे निर्मात्यांच्या हक्कांची सनद तयार झाली. आपली कृती कोणत्या मार्गाने वितरित व्हावी हे ठरविण्यात निर्मात्याची संमती असावी, असे एक कलम तिच्यात आहे. त्या कलमाला पुढील पंचवीस वर्षांत जो नवा अर्थ प्राप्त होणार होता त्याची तेव्हा कोणाला कल्पना असणे शक्य नव्हते. २०१२ साली त्याच सिमने त्याच ‘हाय सोसायटी’ची ध्वनियुक्त डिजिटल आवृत्ती काढण्यासाठी ‘किकस्टार्टर’वर वाचकांकडे निधी मागितला व साठ हजार डॉलरांहून अधिक रक्कम जमविली. ग्रंथ तोच, हेतूही तोच. मात्र या वेळी वितरकाच्या रागाची पर्वा करण्याचे त्याला फारसे कारण उरले नव्हते.

‘डायमंड’चे नाव वर आलेच आहे. स्टीव्ह गेप्पी या बाल्टिमोरच्या दुकानदाराने १९८२ साली, ‘इर्जॅक्स’ या बुडालेल्या वितरण संस्थेच्या अवशेषांवर तिची उभारणी केली. स्यूलिंगला मिळालेल्या खास सवलतींना न्यायालयात आव्हान देणारी संस्था ती हीच. नंतरच्या दशकात लहानमोठे वितरक एकामागून एक ‘डायमंड’मध्ये विलीन झाले. तथापि मक्तेदारी पूर्णत्वास गेली ती एका मोठ्या प्रकाशकाच्या अविचारामुळे. ‘मार्व्हल’ने १९९४ च्या अखेरीस ‘हीरोज वर्ल्ड’ हा वितरक विकत घेऊन आपला माल केवळ त्याच्यामार्फत देण्याचे ठरविले. त्यावर उपाय म्हणून ‘डीसी’, ‘इमेज’ व ‘डार्क हॉर्स’ यांनी ‘डायमंड’शी एकनिष्ठतेचे करार केले. उरलेल्या मोठ्या वितरकांपैकी ‘कॅपिटल सिटी’ १९९६ मध्ये ‘डायमंड’लाच विकली गेली आणि १९९७ मध्ये आपला प्रयोग फसल्यावर ‘मार्व्हल’ही निमूटपणे त्याच दारी आली. अमेरिकन सरकारच्या न्यायखात्याने या मक्तेदारीची चौकशी केली आणि २००० साली ती कोणत्याही कारवाईविना बंद केली. यानंतर सुमारे वीस वर्षे दुकानात जाणारी कॉमिक्स जवळजवळ सर्वच एका गोदामव्यवस्थेतून आणि ‘प्रीव्ह्यूज’ नावाच्या एका मासिक सूचीतून जात राहिली. या सूचीत ज्याला जागा नाही तो प्रकाशक दुकानदाराच्या लेखी अस्तित्वातच नव्हता.

जानेवारी २००९ मध्ये ‘डायमंड’ने आपल्या किमान मागणीची मर्यादा दीड हजार डॉलरांवरून अडीच हजारांवर नेली. हा आकडा वरवर किरकोळ वाटतो. त्याचा अर्थ हिशेब मांडल्यावर कळतो. वितरक लहान प्रकाशकाकडून माल साधारणतः छापील किमतीच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास घेत असे. अंकाची किंमत चार डॉलर धरली तर प्रकाशकाच्या पदरी दर प्रतीमागे एक डॉलर साठ सेंट पडत. दीड हजारांची मर्यादा गाठण्यास सुमारे साडेनऊशे प्रती पुरत; अडीच हजारांसाठी दीड हजारांहून अधिक प्रतींची मागणी लागे. हजार-बाराशे निष्ठावंत वाचकांच्या बळावर चालणाऱ्या मालिका याच दोन आकड्यांच्या दरम्यान होत्या. त्यांच्यापुढे दोनच मार्ग उरले: सुटे अंक सोडून देऊन एकदम पुस्तक काढणे, अथवा दुकानाचा नाद सोडणे.

नेमक्या त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात ‘कॉमिक्सॉलॉजी’ने भ्रमणध्वनीवर चित्रकथा विकणारे आपले ॲप आणले. या संस्थेचा आरंभ ध्यानात घेण्याजोगा आहे. २००७ साली ती स्थापन झाली ती दुकानांना स्पर्धक म्हणून नव्हे. आपल्या दुकानातून दर आठवड्याला कोणते अंक घ्यावयाचे याची यादी वाचकाला ठेवता यावी, यासाठीचे ते एक साधन होते. २०१० साली मोठ्या पडद्याचा ‘आयपॅड’ आल्यावर संपूर्ण पान एका दृष्टिक्षेपात दिसू लागले आणि धंदा वेगाने वाढला. २०१३ च्या मार्चमध्ये संस्थेने ‘सबमिट’ ही योजना काढून स्वतंत्र निर्मात्यांना दार उघडले. किमान मागणीची अट नाही, छपाई नाही, गोदाम नाही; विक्रीतून दलाली वजा जाता उरेल ते निम्मे निम्मे वाटून घ्यावयाचे, अशा तिच्या अटी होत्या.

या अटींचे त्या वेळी पुष्कळ कौतुक झाले. हिशेब मात्र तितका उजळ नाही. ‘ॲपल’च्या यंत्रातून खरेदी झाल्यास तीस टक्के ‘ॲपल’ घेई. चार डॉलरांच्या अंकावर एक डॉलर वीस सेंट असे गेल्यावर उरलेल्या दोन डॉलर ऐंशी सेंटांचे अर्धे, म्हणजे एक डॉलर चाळीस सेंट, निर्मात्याला मिळत. कागदी अंकावर मिळणाऱ्या रकमेपेक्षा हे वीस सेंटांनी कमीच होते. छपाईचा खर्च वाचला हे खरे. परंतु पडद्यावरील अंकासाठी चार डॉलर देण्यास वाचक सहसा राजी नसे, आणि लहान प्रकाशकाला किंमत दोन डॉलरांवर आणावी लागली की हाती सत्तर सेंट उरत. तेव्हा डिजिटल वितरणाने लहान प्रकाशकाला श्रीमंत केले नाही. त्याने दिले ते निराळेच होते. परतीविना माल घेणारा दुकानदार जुने अंक साठवून ठेवीत नसे. सहाव्या अंकाला मालिकेची कीर्ती झाली तर पहिले पाच अंक मिळावयाचे कोठे, हा प्रश्न वाचकाला पडे, आणि बहुधा तो वाचक तेथेच हातचा जाई. पडद्यावर मात्र पहिला अंक कायमचा उपलब्ध राहिला; पुष्कळांनी तो विनामूल्यही ठेवला. दुकानापासून शेकडो मैल दूर असलेल्या गावातील, अथवा परदेशातील वाचकाला मालिकेची चव कळली. संपूर्ण अमेरिकेत कॉमिक्सची दुकाने दोन ते तीन हजारांच्या दरम्यान धरली जातात. त्या देशाचा विस्तार लक्षात घेतला तर दुकानाबाहेरचा वाचक किती असावा याची कल्पना येते. तात्पर्य, डिजिटल आवृत्ती ही दुकानातील प्रतीची सवत नसून तिची वानगी होती.

दुकानदारांना हे पटण्यास वेळ लागला आणि त्यांची भीती अनाठायी होती असे म्हणता येत नाही. अंक दुकानात येतो त्याच दिवशी पडद्यावरही प्रसिद्ध करण्याचा निर्णय ‘आर्ची’ने २०११ च्या एप्रिलपासून आणि ‘डीसी’ने त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून अंमलात आणला. परतीचा हक्क नसलेल्या माणसाच्या दृष्टीने पाहावे: त्याने तीन महिन्यांपूर्वी मागणी नोंदविली, पैसे गुंतविले, भाडे भरले, आणि ज्या सकाळी तो गठ्ठे सोडतो त्याच सकाळी त्याचा गिऱ्हाईक घरबसल्या तोच अंक वाचतो. म्हणून काही प्रकारची तडजोड प्रथमपासूनच होत राहिली. डिजिटल अंकाची किंमत निदान पहिला महिनाभर कागदी अंकाइतकीच ठेवावयाची, हा त्यातील मुख्य संकेत होता. काही लहान प्रकाशकांनी डिजिटल आवृत्ती काही आठवडे उशिरा काढण्याचे पत्करले. ‘कॉमिक्सॉलॉजी’ने दुकानदारांच्या संकेतस्थळांवर आपली शाखा उघडून विक्रीचा अंश त्यांना देऊ केला, तर ‘डायमंड’ने दुकानातच डिजिटल प्रतीची सांकेतिक चिठ्ठी विकण्याची योजना आणली. दुकानात जाऊन, पैसे मोजून, चिठ्ठी घेऊन, घरी येऊन पडद्यावर वाचावयाचे, ही कल्पना वाचकाच्या स्वभावाशीच विसंगत होती आणि तिने मूळ धरले नाही.

दुकाने बुडाली काय? बाजाराचे नियमित मोजमाप करणाऱ्या ‘आयसीव्ही२’ व ‘कॉमिक्रॉन’ यांच्या संयुक्त अंदाजानुसार २०१४ साली उत्तर अमेरिकेत कॉमिक्सची एकूण विक्री ९३.५ कोटी डॉलर होती, आणि तीत डिजिटल विक्री सुमारे १० कोटींची होती. पुढील वर्षी एकूण विक्री १०० कोटींच्या वर गेली. डिजिटल विक्री मात्र ९ कोटींवर उतरली. पडद्याने दुकान गिळले नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. याच काळातील आणखी काही घटना या दृष्टीने बोलक्या आहेत. ‘फँटाग्राफिक्स’ने सिॲटलमध्ये २००६ साली आणि ‘ड्रॉन अँड क्वार्टर्ली’ने मॉन्ट्रियलमध्ये २००७ साली स्वतःची दुकाने उघडली. डिजिटल चित्रकथेचा हिरिरीने पुरस्कार करणारा आणि २०१२ साली ‘थ्रिलबेंट’ हे संकेतस्थळ काढणारा लेखक मार्क वेड याने तर पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातील मन्सी या गावी एका कॉमिक्सच्या दुकानात भागीदारी घेतली. ब्रायन के. व्हॉन व मार्कोस मार्टिन यांनी २०१३ च्या मार्चमध्ये ‘द प्रायव्हेट आय’ ही मालिका स्वतःच्या संकेतस्थळावर, वाचक देईल त्या किमतीला, कोणतेही कुलूप न घालता विकावयास काढली. मधे दलाल नाही, दुकान नाही, किमान किंमतही नाही. दहा अंक पुरे होऊन या मालिकेला आयस्नर पारितोषिक मिळाले. आणि २०१५ च्या अखेरीस तिचा देखणा ग्रंथ ‘इमेज’ने काढला तो दुकानांतूनच विकला गेला. व्हॉनसारख्या प्रतिष्ठित लेखकाला जे साधले ते नवख्याला साधेलच असे नाही, ही गोष्ट मात्र त्या प्रयोगाचे गोडवे गाणाऱ्यांनी बहुधा नजरेआड केली.

धोका आला तो दुसऱ्याच दिशेने. २०१४ च्या एप्रिलमध्ये ‘ॲमेझॉन’ने ‘कॉमिक्सॉलॉजी’ विकत घेतली. लगोलग ‘ॲपल’ची दलाली चुकविण्यासाठी ॲपमधूनच अंक विकत घेण्याची सोय काढून टाकण्यात आली, वाचकाला आता अन्यत्र जाऊन खरेदी करावी लागे. नाव माहीत असलेली मालिका घेणारा वाचक तेवढे कष्ट घेतो. चाळता चाळता सहज नवे काही उचलणारा वाचक घेत नाही, आणि लहान प्रकाशकाचा निर्वाह प्रायः या दुसऱ्या वाचकावर असतो. २०२२ च्या फेब्रुवारीत ‘कॉमिक्सॉलॉजी’चे स्वतंत्र दुकान ‘ॲमेझॉन’च्या ‘किंडल’ व्यवहारात मिसळून टाकण्यात आले. २०२३ च्या आरंभी तिच्या कर्मचाऱ्यांत मोठी कपात झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये ते ॲपही बंद पडले. चित्रकथेची जाण असलेल्या माणसांनी मांडलेले एक दालन लाखो पुस्तकांच्या बाजारात विरून गेले. कागदाच्या बाजूला ‘डायमंड’ने जे स्थान मिळविले होते तेच पडद्याच्या बाजूला ‘कॉमिक्सॉलॉजी’ने मिळविले होते. दोन स्वतंत्र वाटा आहेत अशा समजुतीने ज्यांनी एक पाय येथे व एक पाय तेथे ठेवला होता, त्या प्रत्येक वाटेवर वस्तुतः एकच नाका होता.

मधल्या काळात २०२० चा महारोग आला. ‘डायमंड’ने २३ मार्च रोजी नवा माल पाठविणे थांबवीत असल्याचे जाहीर केले, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुकानांत नवे अंक आले नाहीत. अंक तयार होते, पडद्यावरील वाट मोकळी होती आणि वाचक घरात बसून होता. डिजिटल विक्रीस याहून अनुकूल काळ कल्पिता येत नाही. तरीही अनेक प्रकाशकांनी दुकाने उघडेपर्यंत आपले डिजिटल अंकही रोखून धरले. वाचक एकदा पडद्याला सरावला तर तो परत येणार नाही आणि परतीविना माल घेणारा एकमेव गिऱ्हाईक, म्हणजे दुकानदार, कायमचा जाईल, हा त्यामागील विचार होता. त्यात कृतज्ञता किती आणि व्यवहार किती हे वेगळे करणे कठीण आहे. ‘टीकेओ स्टुडिओज’ या लहान संस्थेचे उदाहरण येथे विशेष नोंदण्याजोगे आहे. २०१८ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या या संस्थेने ‘डायमंड’ला प्रथमपासूनच वगळले होते. संपूर्ण कथा एकाच वेळी सुट्या अंकांच्या संचात, ग्रंथरूपात व डिजिटल स्वरूपात काढावयाची, पहिला अंक पडद्यावर विनामूल्य ठेवावयाचा, आणि दुकानदारांना माल स्वतःच पुरवावयाचा, अशी तिची रीत होती. टाळेबंदीच्या आरंभी तिने आपल्या संकेतस्थळावरील विक्रीच्या उत्पन्नापैकी निम्मा भाग, खरेदीदार ज्या स्थानिक दुकानाचे नाव सांगेल त्या दुकानाला देण्याची घोषणा केली. वितरकाला टाळणारी संस्था दुकानदाराला टाळीत नव्हती, हा भेद सिमच्या वेळी कोणाला सुचला नव्हता.

‘डायमंड’चा पाया मात्र त्या दोन महिन्यांत खचला. जून २०२० मध्ये ‘डीसी’ने तिच्याशी असलेला संबंध तोडला, ऑक्टोबर २०२१ पासून ‘मार्व्हल’ने ‘पेंग्विन रँडम हाउस’चा आश्रय घेतला, ‘आयडीडब्ल्यू’ व ‘डार्क हॉर्स’ त्यांच्या मागोमाग गेले, आणि २०२३ मध्ये ‘इमेज’ ‘लूनार’कडे गेली. मोठे गेले, ज्यांना दुसरे कोणी घेत नव्हते ते लहान प्रकाशक राहिले. १४ जानेवारी २०२५ रोजी ‘डायमंड’ने दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले. लिलावात प्रथम निश्चित झालेला खरेदीदार माघारी फिरला आणि मे महिन्यात तिचे विभाग दोन वेगवेगळ्या खरेदीदारांकडे गेले.

गोदामातील माल मात्र या विक्रीने मोकळा झाला नाही. लहान प्रकाशकांची पुष्कळशी पुस्तके ‘डायमंड’ने विकत घेतलेली नव्हती, ती ‘कन्साइनमेंट’वर, म्हणजे विक्री झाल्यावर हिशेब द्यावयाच्या बोलीवर, मिसिसिपी राज्यातील ऑलिव्ह ब्रँच येथील गोदामात ठेवलेली होती. माल प्रकाशकाचा, जागा वितरकाची. जून २०२५ मध्ये ‘डायमंड’च्या वतीने न्यायालयाकडे अर्ज करण्यात आला की, १२८ प्रकाशकांचा हा माल विकून बँकेचे कर्ज फेडण्यास अनुज्ञा मिळावी. अर्जामागील तर्क अमेरिकन व्यापारी कायद्याला धरूनच होता. अशा रीतीने माल ठेवणाऱ्याने आपल्या मालकीची नोंद सरकारदरबारी केली नसेल, तर माल ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या सावकाराला तो तारणात धरता येतो. ही नोंद करावयास लागते ते एक साधे पत्रक. परंतु चार माणसांच्या, कित्येकदा एकाच माणसाच्या प्रकाशनसंस्थेला असे पत्रक असते याची वार्ताही नव्हती. प्रकाशकांनी एकत्र येऊन हरकती नोंदविल्या: पुस्तके आमची आहेत, त्यांचे पैसे आम्हांस मिळालेले नाहीत, ती स्वस्तात बाजारात आली तर दुकानदार आमच्याकडून नवी प्रत घेणार नाही, आणि ज्या लेखक-चित्रकारांना विक्रीवर मानधन द्यावयाचे त्यांना काय द्यावयाचे? पन्नास वर्षांपूर्वी स्यूलिंगच्या अटीने न खपलेल्या प्रतीचा भार दुकानदारावर टाकला होता. तो भार टाळण्यासाठी दुकानदाराने मागणी कमी केली, आणि उरलेल्या प्रती प्रकाशकाच्या नावाने वितरकाच्या गोदामात साठत राहिल्या. हा तोच साठा होता.

प्रकरण न्यायालयात चालू असताना प्रकाशकांची पांगापांग झाली. काही ‘लूनार’कडे गेले, काहींनी ग्रंथविक्रीच्या वितरकांशी करार केले, काहींनी ‘किकस्टार्टर’वर आगाऊ पैसे घेऊन माल स्वतःच बांधून पाठविण्यास आरंभ केला आणि त्यातच दुकानदारांसाठी पाच-दहा प्रतींचा वेगळा संच सवलतीने ठेवला. दुकानदारांनाही आता एका सूचीऐवजी तीन-चार सूच्या चाळाव्या लागल्या, आणि तीन-चार ठिकाणची वाहतूक भरावी लागली. ऑलिव्ह ब्रँचच्या गोदामातील पुस्तकांपैकी कित्येकांच्या डिजिटल प्रती याच महिन्यांत नेहमीप्रमाणे विकल्या जात होत्या.